समोर कोणी जेवत नसताना

किस्से ठरवून साठवता येत नाहीत. ते घरातल्या प्लास्टिकच्या पिशव्यांसारखे साठतात. एका पिशवीत दुसरी, दुसरीत तिसरी, आणि एक दिवस कपाटाचं दार उघडलं की सगळ्या अंगावर! सुजाताबरोबर कीबोर्ड वाजवायला लागून मला पंधराएक वर्षं झाली. माझ्या कपाटाचं दार हल्ली लागतच नाही.

दिवसा मी नौपाड्यात चष्मे विकतो. गिऱ्हाईक डोळे तपासायला बसलं, की "वरून तिसरी ओळ वाचा" म्हणायच्या आधी माझा एक किस्सा सांगून झालेला असतो. बायको म्हणते, "अहो, लोकांना दिसत नाही म्हणून ते तुमच्याकडे येतात. ऐकू येत नाही म्हणून नाही!"

तर सुजाता. कल्याणची. वय चव्वेचाळीस, पण तिला विचारायला जाऊ नका. जॅझ गाते, सिनेमातली गाणी गाते, भीमगीतं गाते, वेळ पडली तर मसाल्याची जाहिरातही गाते. एका जागी बसता न येणं हा तिचा मुख्य आजार. कल्याण, डोंबिवली, ठाणे, परत डोंबिवली, परत ठाणे अशी तिने घरं बदलली. गाताना तिचा एक पाय सतत हलत असतो. गाणं संपलं की दोन्ही. तिला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती आणि ती तिने मला ओळख झाल्यावर पहिल्याच महिन्यात सांगून टाकली होती.

"मिल्या, मला एकदा असं गायचंय की समोर कोणी जेवत नसेल."

मी हसलो होतो. मग घरी जाऊन माझे तोवरचे प्रोग्रॅम आठवले. लग्न, हळद, बारसं, हॉटेल, कंपनीचं गेट-टुगेदर. एकही असा नव्हता की जिथे समोर ताट नव्हतं.

*

आमची ओळख झाली ती डोंबिवलीत, भाऊंच्या ऑर्केस्ट्रात. भाऊ म्हणजे मालक. गायक म्हणजे कॅसेटची झेरॉक्स, असं त्यांचं पक्कं मत. सुजाता ऑडिशनला आली, गायली, आणि दुसऱ्या अंतऱ्यात तिने एक वळण असं घेतलं की माझे हात कीबोर्डवरच थबकले. आमचा ड्रमर जगदीश पाटील, शीळ फाट्याकडचा आगरी गडी, सहसा कशाला दाद देत नाही. तोसुद्धा काठ्या मांडीवर ठेवून बघत बसला.

भाऊ म्हणाले, "आवाज चांगलाय. आता जरा ओरिजिनलसारखं म्हण."

"ओरिजिनल हवं असेल तर त्या बाईंनाच बोलवा ना. मी कशाला?"

पुढची दोन मिनिटं भाऊ चष्मा पुसत होते. चष्मा माझ्याच दुकानातला, काच एवढी खराब नव्हती. शेवटी तिला घेतलं, कारण शनिवारी प्रोग्रॅम होता आणि आधीची गायिका लग्न करून नाशिकला निघून गेली होती.

*

जॅझ तिला लागला तो सर्दीमुळे. सर्दी दुसरीची!

मुंबईतल्या एका हॉटेलातली गायिका सर्दीने आडवी झाली आणि कोणीतरी सुजाताचं नाव सुचवलं. ही गेली. समोर इंग्रजी गाण्यांचे कागद, पियानोवर एक म्हातारे गृहस्थ, टाय लावलेले. सुजाताचं शिक्षण कल्याणच्या नगरपालिकेच्या शाळेत. कागदावरचे निम्मे शब्द तिला वाचता येईनात. तिने त्यांना तसं स्पष्ट सांगितलं.

ते म्हणाले, "शब्द गेला तर जाऊ दे. ताल सोडू नकोस. मध्ये मनाला येईल ते गा, मी तुझ्या मागे आहे."

ती घरी आली ती वेगळीच बाई होऊन. सकाळी सात वाजता मला फोन! "मिल्या, एक असं गाणं आहे ज्यात मनाला येईल ते गायचं आणि त्याला चूक म्हणत नाहीत! मला इतके दिवस कोणी सांगितलं का नाही?"

*

आता वन्स मोअरचा किस्सा. डोंबिवलीतल्या एका सोसायटीचा गणपती. आरती उरकलेली, प्रसादाचे द्रोण फिरतायत आणि सुजाता एक जुनं लोकप्रिय गाणं म्हणतेय. लोक खूश! गाणं संपल्यावर चेअरमन स्वतः उभे राहिले. "वन्स मोअर!"

आता वन्स मोअर म्हणजे तेच परत, हे आपल्याकडे लहान पोरालाही कळतं. सुजाताने परत म्हटलं, पण चाल हलकीच वाकवून. चेअरमन गोंधळले. "नाही नाही, वन्स मोअर!" तिने तिसऱ्यांदा म्हटलं, आणि ते तर तिसरंच गाणं झालं. जगदीश मागून मला विचारतोय, "मिल्या, आपुन कंचा गाना वाजवतोय?"

शेवटी चेअरमन स्टेजवर आले, माइक घेतला आणि अगदी नम्रपणे म्हणाले, "मॅडम, आम्हाला पहिला पीस आवडला होता. तुम्ही दर वेळी एक्सचेंज करून देताय."

पुढच्या वर्षी त्या सोसायटीने जादूगार बोलावला.

*

खडवलीची हळद. संध्याकाळचे पाच, मांडवात एका बाजूला नवरदेवाला हळद लागतेय, दुसऱ्या बाजूला जेवणाची पंगत आणि मध्ये आम्ही. जगदीशच्या मावसबहिणीकडचं कार्य, म्हणजे आमच्यासाठी घरचंच. सुजाताला त्या दिवशी काय झालं होतं कोण जाणे, तिने चालू गाण्यात मध्येच ते जॅझवाले बिनशब्दांचं गातात ना, ते सुरू केलं. दाबा-दू, दीबा-दा, असलं काहीतरी. आणि थांबेना!

बायकांची कुजबुज सुरू झाली. एक मावशी घाईघाईने पंगतीतून उठल्या, हात साडीला पुसला, मोबाइलवर त्या गाण्याचे शब्द शोधले आणि मोबाइल सुजाताच्या तोंडासमोर धरून उभ्या राहिल्या. सुजाता डोळे मिटून गातेय! मावशींनी तिला कोपराने ढोसलं. तिने डोळे उघडले, स्क्रीन पाहिला, मावशींना नमस्कार केला आणि पुन्हा डोळे मिटून दाबा-दू.

पंगतीच्या टोकाला नवरदेवाची आजी होती. सगळी पंगत ऐकेल अशा आवाजात ती म्हणाली, "शबुद येत नाय पोरीला, पन हटत नाय बघ!"

सुजाता म्हणते, तिच्या गाण्यावर लिहिलं-बोललं गेलेलं सगळ्यात खरं वाक्य हेच.

*

या सगळ्यात तिची आई मात्र तिच्या एकाही प्रोग्रॅमला आली नव्हती. आम्ही सगळे त्यांना आईच म्हणतो. वय पंच्याहत्तरच्या पुढे. कल्याणच्या चाळीत राहतात, ठाण्याला ये म्हटलं की "तू आधी एक घर धर, मग बघू" म्हणतात. तरुणपणी त्या गायन पार्टीत होत्या. जयंतीच्या स्टेजवर, गावोगाव. मुख्य गायक पुढे आणि या मागे कोरसमध्ये. अजून आवाज असा की चाळीच्या खालच्या नळावरच्या बाईला वरून हाक मारली तर शेजारच्या चाळीतली बाई बादली ठेवते.

एकदा सुजाताने त्यांना जॅझ म्हणजे काय ते ऐकवायचं ठरवलं. मीही होतो. तिने मोबाइलवर परदेशातल्या एका काळ्या गायिकेचं फार जुनं रेकॉर्डिंग लावलं. आई मेथी निवडत होत्या. निवडायच्या थांबल्या. गाणं संपेपर्यंत हातात तीच जुडी.

"कळलं काय, आई?" सुजाताने विचारलं.

"भाषा नाही कळली."

"रडतेय ती. दुःखाचं गाणं आहे."

"छट्!" आई म्हणाल्या. "रडत नाहीये. भांडतेय. पण घरातलं कोणी ऐकू नये म्हणून हळू भांडतेय."

मी त्या गायिकेवर दोन पुस्तकं वाचली होती, त्यांत हे नव्हतं. सुजाताने संधी साधून विचारलं, "मग माझ्या प्रोग्रॅमला ये की."

आई पुन्हा मेथीला लागल्या. "लोक जेवतात तिथे मी येणार नाही. आम्ही गायचो तेव्हा माणसं मांडी घालून बसायची. पाणी प्यायला उठत नव्हती. तुझं गाणं कोणी भात कालवताना ऐकलेलं मला नाही बघवणार."

सुजाताचा पाय हलायचा थांबला होता. तो मी तेव्हा पहिल्यांदा थांबलेला पाहिला.

*

ठाण्याच्या एका हॉटेलात आम्ही दोन वर्षं दर रविवारी दुपारी वाजवायचो. बुफे. एका रविवारी मॅनेजर हात चोळत आला.

"मॅडम, एक रिक्वेस्ट. डेझर्टच्या वेळी सॅड गाणं नको."

"का?"

"मागच्या रविवारी सात नंबर टेबलवर एका गेस्टने गुलाबजाम अर्धा ठेवून दिला."

मला वाटलं, झालं, आता ही भांडणार. सुजाताचा चेहरा असा उजळला की विचारू नका! "अर्धा ठेवला? खरंच? कोण होता? बाई की पुरुष? परत येणार आहे का?"

मॅनेजरला काही कळेना. परतीच्या वाटेवर रिक्षात ती तीन वेळा म्हणाली, "मिल्या, एक माणूस ऐकत होता रे."

त्याच आठवड्यात तिने हॉटेल सोडलं आणि स्वतःच्या नावाने कार्यक्रम करायचा म्हणून हॉल शोधायला लागली.

*

हॉल मिळाला तो नौपाड्यातच, माझ्या दुकानापासून पाच मिनिटांवर. जुना, छोटा, खुर्च्या लाकडी. बुकिंगच्या फॉर्मवर कार्यक्रमाचा प्रकार विचारला होता. व्याख्यान, नाट्य, शास्त्रीय संगीत, सुगम संगीत, वधू-वर मेळावा, इतर. ती बराच वेळ पेन फिरवत होती. मग 'इतर'वर खूण केली आणि म्हणाली, "चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा बरोबर उत्तर लिहिलं."

बाहेर येताना तिला दारावरचा बोर्ड दिसला. 'सभागृहात खाद्यपदार्थ आणण्यास व खाण्यास सक्त मनाई आहे.'

तिने त्या बोर्डचा फोटो काढला. बोर्डबरोबर सेल्फी काढला. आईला फोन लावून बोर्ड मोठ्याने वाचून दाखवला. पलीकडून आईंचा आवाज, "किती वाजता आहे?"

*

आणि मग मी माती खाल्ली.

आमच्या कीबोर्डवर पट्टी वर-खाली करायचं बटण असतं. एका गाण्यासाठी वर नेलेली पट्टी पुढच्या गाण्याआधी खाली आणायची, इतकं साधं काम. कार्यक्रमाला तीन आठवडे होते. खोपटला एका गृहस्थांच्या निवृत्तीचा समारंभ होता आणि मी ते बटण दाबायला विसरलो. सुजाताने पहिली ओळ उचलली तेव्हा तिच्याही लक्षात आलं की आपण फार वर आहोत. थांबून "पुन्हा घेऊ" म्हणेल ती सुजाता कसली! पूर्ण गाणं तिने तिथूनच ओढलं. लोकांनी शिट्ट्या मारल्या. सत्कारमूर्ती गहिवरले. सकाळी तिचा आवाज गेलेला.

डॉक्टरांनी बारा दिवस मौन सांगितलं. एक अक्षर बोलायचं नाही, कुजबुजायचंही नाही. मला इतकं अपराधी वाटत होतं की दुकानात मी दोन दिवस एकही किस्सा सांगितला नाही. तिसऱ्या दिवशी तिचा मेसेज आला. "मी मुकी झालेय, तू कशाला झालास?"

त्या बारा दिवसांत ती जितकी चालली तितकी आयुष्यात चालली नसेल. तलावपाळीला चकरा, नौपाड्यात चकरा, माझ्या दुकानात शिरायचं, सगळ्या फ्रेम लावून बघायच्या, निघून जायचं. एकदा स्टँडवरच्या रिक्षावाल्याने यायला नकार दिला. हिने मोबाइलवर टाइप करून त्याला झापलं. त्याला वाटलं, बाईंना ऐकू येत नाही. त्याने आपला मोबाइल काढला आणि टाइप करून उत्तर दिलं! पाच मिनिटं दोघं एकमेकांच्या नाकासमोर मोबाइल नाचवत होते. शेवटी त्याने लिहिलं, "ताई, आवाज चढवू नका."

तेराव्या दिवशी डॉक्टरांनी घसा पाहिला आणि म्हणाले, गा. पण त्या मौनातला तिचा शेवटचा मेसेज मी अजून ठेवलाय. "मिल्या, आवाज परत आला नाही तर आई पुन्हा कधीच यायला तयार होणार नाही."

*

रविवार, संध्याकाळचे पाच. ऐंशी-नव्वद माणसं आली होती. पहिल्या रांगेत कडेच्या खुर्चीवर आई. जयंतीला नेसतात ती पांढरी साडी, मांडीवर पिशवी, पाठ ताठ.

पहिलं गाणं झालं. आवाज शाबूत होता. टाळ्या वाजल्या आणि थांबल्या. मग जी शांतता पसरली तशी आम्ही तिघांनी कधी ऐकलीच नव्हती. चमचा नाही, खुर्ची सरकत नाही, "जरा इकडे पापड" नाही. जगदीश श्वास घेतोय ते मला ऐकू येत होतं. दुसरं गाणं झालं. सुजाता पाणी प्यायच्या निमित्ताने माझ्याकडे वळली. चेहरा पांढराफटक.

"मिल्या, हे लोक ऐकतायत रे!"

"मग?"

"मग काय मग? मला भीती वाटतेय!"

तिसरं गाणं तिने दोन ओळी म्हटलं आणि थांबली. ही बाई, जी खोपटला इतक्या चढ्या पट्टीत थांबली नाही, ती थांबली. "पाच मिनिटांत येते," म्हणाली आणि विंगेत गेली. मी मागोमाग. आत ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझारा घालत होती.

"इतकी वर्षं मला वाटायचं, लोक जेवतायत म्हणून ऐकत नाहीत. आता ऐकतायत. आणि माझ्याकडे त्यांना द्यायला काही नसलं तर?"

मी पाण्याची बाटली पुढे केली. खरं सांगतो, त्या क्षणी मला वाटलं की संपलं. तेवढ्यात कठडा धरत, एकेक पायरी चढत आई वर आल्या.

"काय झालं?"

"आई, फार शांत आहे गं." सुजाताच्या डोळ्यांत पाणी होतं.

आईंनी मान कलती करून हॉलचा अंदाज घेतला. नळावरची भांडणं वरून ऐकताना घ्यायच्या तसाच. "हं," म्हणाल्या. "तू सुरू कर. मी आलेच."

सुजाताला तोंड धुऊन सावरायला दहा मिनिटं लागली, मग आम्ही पुन्हा स्टेजवर आलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पुन्हा ती शांतता. आईंची खुर्ची रिकामी! सुजाताने ती पाहिली. मला वाटलं, आता ही परत आत पळणार. मी घाईने सुरुवातीचे सूर धरले. तिने पहिली ओळ म्हटली, कशीबशी. दुसरी ओळ त्याहून पातळ.

मागचं दार उघडलं. आई मधल्या वाटेने सावकाश चालत आल्या, खुर्चीवर बसल्या. हातात कोपऱ्यावरच्या गाडीवरचा कागदाचा पुडा. त्यांनी एक भाजलेली शेंग काढली आणि दोन बोटांत धरून फोडली.

कट्ट.

सगळा हॉल वळला. त्यांनी दाणे तोंडात टाकले, दुसरी शेंग फोडली. कट्ट. ओळ संपते तिथे, नेमकी. जगदीशने माझ्याकडे पाहिलं आणि काठ्या ठेवून हळू वाजवायचे तारांचे ब्रश उचलले. सुजाताचा उजवा पाय हलायला लागला. तिसरी ओळ आली ती पोटातून.

दाराशी उभे असलेले, हॉलची देखरेख करणारे काका धावतच पुढे आले. आईंच्या खुर्चीशी वाकले. "आजी, अहो आजी! इथं खायला मनाई आहे. बाहेर बोर्ड लावलाय."

आईंनी पुढची शेंग बोटांत धरली, सुजाता श्वास घेईपर्यंत थांबल्या आणि फोडली.

"खात नाहीये रे बाळा," त्या म्हणाल्या. "साथ करतेय."